लेकराच्या प्लेटलेट्स कमी झाल्या तेव्हा… तुमचे अनुभव लिहा

माझ्या 4 वर्षांच्या लेकीला गेल्या पावसाळ्यात आयटीपी (प्लेटलेट्स कमी होण्याचा आजार) झाला. सर्दी-ताप जाऊन पंधरा दिवस झाले होते. आंघोळ घालताना पायांवर लाल टिपके दिसले, बोटाने दाबले तरी फिके पडेनात. प्लेटलेट्स 9 हजार! हव्यात दीड लाखाच्या वर. मी रडतेय आणि ही पलंगावर उड्या मारतेय. अंगातली प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स मारते आहे, असं डॉक्टर म्हणाले. नाका-तोंडातून रक्त नव्हतं, म्हणून औषध काहीच दिलं नाही. घरी बसून नुसती वाट पाहणं फार जड गेलं. ब्रुफेन बंद, सायकल बंद, डोक्याला मार लागला तर मध्यरात्रीही हॉस्पिटल गाठायचं. अडीच महिन्यांत आकडा दीड लाखावर गेला. तुम्ही हे दिवस कसे काढलेत?

नाशिकहून, एक बाबा
ताई, आमच्याकडे सगळ्यांनी डेंग्यूच धरला. पपईच्या पानांचा रसही पाजून झाला. पण ताप नव्हता, डेंग्यूची तपासणी निगेटिव्ह. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी ठीक, प्लीहा वाढलेली नाही, स्मिअरमध्ये (काचेवर पसरलेलं रक्त मायक्रोस्कोपखाली बघतात त्यात) वेगळं काही नाही, म्हणून बोन मॅरोची, म्हणजे हाडातल्या मगजाच्या तपासणीची सुई टळली. माझा भाऊ प्लेटलेट्स द्यायला धावत आला होता. डॉक्टरांनी समजावलं, चढवलेल्याही तशाच मरतील. जिवावरचा रक्तस्राव असेल तरच देतात.

पुण्याहून, एक आई
आमचा घोळणा फुटला तो अर्धा तास थांबेना. तेव्हा मात्र आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या अँटीबॉडीज, सलाईनसारख्या शिरेतून) लावलं, वजनाप्रमाणे, रात्रभर. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं, उलट्या झाल्या. दोन दिवसांत 5 हजारांचे 60 हजार झाले आणि महिन्याभरात पुन्हा 20. मी खचले होते. हा परिणाम तात्पुरताच असतो, हे आधी कोणी सांगायला हवं होतं.

ठाण्याहून, एक मावशी
भाच्याचा आकडा खोटाच निघाला. नळीत प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या होत्या, सायट्रेट नावाचं वेगळं रसायन असलेल्या नळीत रक्त घेऊन पुन्हा तपासलं तर सगळं ठीक. स्मिअर बघायला सांगाच.

कोल्हापूरहून, एक आई
माझी मुलगी 13 वर्षांची. वर्ष उलटलं तरी बरी झाली नाही, त्यात पाळीत अतोनात रक्त जायचं. स्टेरॉइडने चेहरा सुजला, आरशासमोर जाईना. आता एल्ट्रोम्बोपॅग ही प्लेटलेट्स वाढवणारी गोळी चालू आहे. गोळीच्या आधी चार तास आणि नंतर दोन तास दूध-दही नाही, म्हणून ती रात्री झोपताना घेते. आकडा 40 हजारांच्या आसपास असतो. परवा शाळेच्या सहलीला जाऊन आली.