मुलगी एच-४वर, मुलगा सिटिझन: इन-स्टेट कॉलेजच्या खर्चाचा हिशेब कसा धरायचा?

अबोली
आम्ही दोघं एच-१बीवर (नोकरीचा व्हिसा), न्यू जर्सीत, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी अकरावीत, एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा). धाकटा इथेच जन्मलेला, नववीत. दोघांसाठीही राज्याचंच विद्यापीठ डोक्यात आहे. उत्पन्न मिळून साधारण १,५५,००० डॉलर. एच-४ला इन-स्टेट फी (राज्याच्या रहिवाशांचा कमी दर) मिळते का? फॅफसा (केंद्राच्या मदतीचा अर्ज) कोणासाठी भरायचा? पुण्यातला फ्लॅट आणि एफडी त्यात दाखवायच्या का?

कोकणकडा
दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, नाहीतर गोंधळ होतो. इन-स्टेट फी हा राज्याच्या रहिवासाचा प्रश्न आहे. फॅफसा, म्हणजे केंद्राची मदत, हा विद्यार्थ्याच्या नागरिकत्वाचा.

रहिवासासाठी न्यू जर्सीत किमान १२ महिन्यांचं वास्तव्य लागतं आणि पुरावे पालकांचे बघतात: राज्याचं टॅक्स रिटर्न, घराचा करार, ड्रायव्हिंग लायसन्स. एच-१बी आणि एच-४ अनेक राज्यांत चालतात, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) सहसा नाही. चालणाऱ्या व्हिसांची यादी विद्यापीठाच्या रेसिडेन्सीच्या पानावर असते. ज्या ज्या ठिकाणी अर्ज करणार, तिथली बघा.

खरी मेख २१व्या वाढदिवसाला आहे. त्या दिवशी एच-४ संपतो, आणि तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर मुलीला बहुधा एफ-१ घ्यावा लागेल. काही विद्यापीठं अशा वेळी इन-स्टेट चालू ठेवतात, काही तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आउट-ऑफ-स्टेटचं बिल पाठवतात. प्रवेश घेण्याआधीच रजिस्ट्रारला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. फोनवरचं ‘हो, चालेल’ नंतर कामाला येत नाही.

एच-४वर असेपर्यंत तिला पगारी काहीच करता येत नाही, कॅम्पसवरची नोकरी नाही की पगारी इंटर्नशिप नाही. एफ-१वर कॅम्पसवर आठवड्याला २० तासांची मुभा असते. म्हणून काही कुटुंबं इन-स्टेट टिकणार असेल तर आधीच एफ-१ घेतात. आपापलं गणित मांडून ठरवा.

चष्मेवाला
फॅफसा मुलीसाठी नाही, मुलासाठी हो. तो सिटिझन आहे, पालकांचा व्हिसा आड येत नाही. जॉइंट रिटर्न भरत असाल तर फॅफसाच्या साइटवर एकाच पालकाचं खातं पुरतं, पण आयआरएसकडून (केंद्राचा कर विभाग) माहिती घ्यायची संमती देणं सक्तीचं. ती राहिली तर मुलगा केंद्राच्या मदतीतून बाद.

उत्पन्न दोन वर्षं मागचं धरतात. मुलाच्या बाबतीत ते कॅलेंडर वर्ष दहावीच्या मधल्या जानेवारीला सुरू होतं आणि अकरावीच्या मधल्या डिसेंबरला संपतं. शेअर विकून मोठा नफा घ्यायचा असेल तर त्या वर्षात घेऊ नका.

राहतं घर आणि ४०१(के), म्हणजे निवृत्तीची बचत, दाखवायचं नाही. पुण्यातला फ्लॅट (कर्ज वजा करून) आणि एफडी दाखवायच्या, देश कुठलाही असो. मुलाच्या नावावर पैसे ठेवू नका: त्याच्या बचतीचा २० टक्के भाग दरवर्षी मोजतात, पालकांच्या बचतीचा फार तर ५.६४ टक्के.

तुमच्या उत्पन्नावर पेल ग्रँटची (कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी, परत न करायची केंद्राची मदत) आशा धरू नका. तरी फॅफसा भरा, कारण त्याशिवाय मुलाच्या नावावरचं केंद्राचं कर्ज मिळत नाही: पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५००, पुढे दरवर्षी ७,५००, एकूण कमाल मर्यादा ३१,०००. पॅरेंट प्लस (पालकांच्या नावावरचं केंद्राचं कर्ज) तुम्हाला मिळणार नाही, त्यासाठी पालक सिटिझन किंवा ग्रीन कार्डधारक लागतो. पण नेमकं याच कारणावरून मुलाला पहिली दोन वर्षं दरसाल आणखी ४,००० चं कर्ज मिळू शकतं. कॉलेजच्या एड (आर्थिक मदत) ऑफिसला स्वतःहून विचारावं लागतं. आणि दोघं भावंडं एकाच वेळी कॉलेजात असली तर मिळणारी सवलत २०२४-२५ पासून फॅफसातून गेली, जुने ब्लॉग वाचून फसू नका.

हिशेबनीस
टॅक्सबद्दल. अमेरिकन अपॉर्च्युनिटी क्रेडिट (कॉलेजच्या खर्चावर करातून मिळणारी सूट) एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत, चार वर्षं मिळतं. जॉइंट रिटर्नवर १,६०,००० पर्यंत पूर्ण, १,८०,००० ला शून्य. तुम्ही काठावर आहात, बोनस आला की ते घटू लागेल. २०२६ च्या टॅक्स वर्षापासून यासाठी विद्यार्थ्याचाही सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, आयटीआयएन (तो नंबर नसलेल्यांचा कर क्रमांक) चालत नाही. एच-४वर सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही, म्हणजे मुलीच्या फीवर हे क्रेडिट विसरा.

मुलासाठी मात्र नेहमीची चूक टाळा: सगळी फी ५२९ (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) मधून भरली तर क्रेडिट जातं, एकाच खर्चावर दोन्ही सवलती मिळत नाहीत. वर्षाला ४,००० खिशातून भरा, बाकी ५२९ मधून. पैसे काढणं आणि बिल भरणं एकाच कॅलेंडर वर्षात झालं पाहिजे. जानेवारीत देय असलेलं स्प्रिंगचं बिल डिसेंबरात भरलं आणि ५२९ मधून जानेवारीत काढलं, की घोळ.

एनजेबेस्टमध्ये (न्यू जर्सीची ५२९ योजना) भरलेल्या १०,००० पर्यंतच्या रकमेवर राज्याच्या रिटर्नमध्ये वजावट आहे, राज्याच्या रिटर्नवरचं ढोबळ उत्पन्न २,००,००० पर्यंत असेल तर. न्यू जर्सीतल्याच कॉलेजला भरलेल्या ट्यूशनसाठी आणखी १०,००० ची वेगळी वजावट.

पोहेवाली
फक्त ट्यूशन बघून बजेट करू नका. होस्टेल आणि मेसचा खर्च इन-स्टेट ट्यूशनपेक्षा बऱ्याचदा जास्त निघतो. बिल आलं की तीन ओळी तपासा. आरोग्य विम्याची रक्कम आपोआप लावलेली असते, घरच्या पॉलिसीत मूल असेल तर वेव्हर (हा विमा नको असल्याचा अर्ज) भरा. मुदत गेली की पैसे गेले, आणि वेव्हर बहुतेक ठिकाणी दरवर्षी नव्याने भरावा लागतो. दुसरं, इंजिनिअरिंग आणि बिझनेसला बऱ्याच ठिकाणी वेगळा, चढा दर असतो. तिसरं, क्रेडिट कार्डावर अधिभार. बँक खात्यातून भरा, किंवा बिनव्याजी हप्ते घ्या, त्याची नोंदणी फी किरकोळ असते.

अबोली
खूप उपयोग झाला. एक राहिलं: नोकरी पेनसिल्व्हेनियात हलायची शक्यता आहे.

कोकणकडा
मुलगी बारावीत असताना हललात तर दोन्हीकडून अडकाल: न्यू जर्सीचा रहिवास सुटेल आणि तिकडचे १२ महिने भरलेले नसतील. एका पालकाने भाडेकरार, लायसन्स आणि राज्याचं रिटर्न इकडेच चालू ठेवलं तर बाजू मांडता येते, पण तो पालक खरोखर इथे राहत असला पाहिजे. आणि पुराव्यांच्या यादीत ‘मतदार नोंदणी’ दिसली तर तिकडे चुकूनही जाऊ नका. नागरिक नसताना केलेली नोंदणी ग्रीन कार्डच्या मुळावर येते.