मुलगा केटीएमची ३९० ड्यूक बाइक घेतो म्हणतोय (सोसायटी ग्रुप, चिंचवड)

*मंगळवार, रात्री*

मीनलताई (ए-३०२): पी-२ पार्किंगमध्ये खांब नं. १४ शेजारी ती केशरी-काळी बाइक कोणाची आहे?

पाटील सर (सेक्रेटरी): सी-५०४ निखिलची. काही अडचण आहे का मॅडम? जागा त्याच्याच नावावर आहे.

मीनलताई: नाही हो, अडचण कसली. आमच्या ओंकारला तसलीच हवी आहे. सेकंडहँड. २०१८ ची, २८ हजार किमी झालेली. तळेगावचा एक मुलगा दीड लाख म्हणतोय. ह्यांचा साफ नकार. चार दिवस झाले, जेवायला बसलं की हाच विषय. निखिल, तू वापरतोस तर खरं काय ते सांग. ओंकारची बाजू घेऊ नकोस, ह्यांचीही नको.

सुलभाकाकू (बी-२०२): मीनल, अजून एक फटफटी नको गं बाई. रात्री साडेअकराला कोणीतरी धडाडधूम करत येतं, मग दोनपर्यंत माझा डोळा लागत नाही.

निखिल (सी-५०४): काकू, ती मी नव्हे 🙏 माझा सायलेन्सर गाडीबरोबर आलेलाच आहे.

पाटील सर: नाव घेत नाही. त्या सदस्याला तोंडी सांगून झालंय, आता लेखी देणार.

इम्रानभाई (सी-१०३): पोलिसांनी पकडलं तर लेखीची गरज पडणार नाही. मोटार वाहन कायदा, कलम १९०(२). १०,००० पर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, आणि लायसन्स ३ महिने जप्त ते वेगळं. काढून घेतलेले सायलेन्सर रोड रोलरखाली घालतात, फोटो पाहिले असतील सगळ्यांनी.

तांबेकाका (बी-१०१): आमच्या येझदीचा आवाज चौकातून ओळखू यायचा. कोणी तक्रार करत नव्हतं

सुलभाकाकू: करत होते. तुमच्यापर्यंत पोचत नव्हती, येझदीच्या आवाजात.

निखिल: मीनलताई, जरा लांबलचक लिहितो, चालेल ना.

गाडी चांगली आहे. आपल्या चाकणलाच बनते, स्पेअर मिळायची मारामार नाही. ३७३ सीसी, सिंगल सिलिंडर, ४३ हॉर्सपॉवर. आकड्यावरून अंदाज येत नाही म्हणून सांगतो, ओंकारच्या आत्ताच्या १२५ च्या जवळजवळ चौपट. पहिल्या दिवशी मी मूठ पिळली ती १२५ च्या सवयीने, आणि पुढचा रिक्षावाला एकदम अंगावर आल्यासारखा वाटला. ती भीती महिनाभरात जाते. खरं सांभाळायचं ते त्यानंतर.

ओंकार हिंजवडीला जाणार ना? डांगे चौक ते भूमकर चौक संध्याकाळी साडेसहाला. त्या गर्दीत ही गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गुरगुरत बसते, रेडिएटरचा फॅन सुरू होतो आणि सगळी गरम हवा मांडीवर. मे महिन्यात मी ऑफिसला बसने जातो. लाज वाटते सांगायला, पण जातो.

मीनलताई: आणि बिघडते का?

निखिल: चालवून फारशी नाही. उभी करून बिघडते. माझे दोन्ही मोठे घोटाळे पी-२ मध्येच झालेत, घाटात एकही नाही.

पहिला. दिवाळीला गावी गेलो, तिथून ऑफिसच्या कामाला, असे पाच आठवडे गाडी उभी. आलो, किल्ली फिरवली, स्क्रीन पिवळट उजळली आणि मावळली. बॅटरी संपलेली. वॉचमन काकांना घेऊन रॅम्पवर ढकलस्टार्ट करून बघितली. तीनदा. दीडशे किलोच्या वर वजन आहे ताई. आणि हिला कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शन आहे. बॅटरीत जीव नसेल तर पेट्रोलचा पंपच फिरत नाही, मग खालपर्यंत ढकलत नेली तरी काय उपयोग. हे मला तिसऱ्या खेपेनंतर कळलं. वॉचमन काका अजून माझ्याशी तुटक बोलतात.

तांबेकाका: रोज पाच मिनिटं नुसती चालू करून ठेवायची

निखिल: काका, तेच करू नये म्हणतात. पाच मिनिटांत इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी धरतं आणि स्टार्टरने खाल्लेला करंट बॅटरीत परत जात नाही. आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर काढली तर काही होत नाही.

दुसरा घोटाळा उंदरांचा.

पाटील सर: पेस्ट कंट्रोल दर तीन महिन्यांनी होतं. बिलं ऑफिसमध्ये आहेत.

निखिल: सर, तुमच्यावर नाही. पी-२ च्या जिन्याखाली लोक रात्री कचऱ्याच्या पिशव्या ठेवतात, त्यांच्यावर आहे. सीटखालच्या तीन वायरी कुरतडल्या होत्या. एबीएसचा (ब्रेकच्या यंत्रणेचा) दिवा सुरू, गाडी मधेच बंद. पूर्ण वायरिंग बदलायचा खर्च ऐकून मी गप्प बसलो. मग एका म्हाताऱ्या इलेक्ट्रिशियनने तिन्ही वायरी डाग देऊन जोडल्या, वर स्लीव्ह घातली, सहाशे रुपये. तेव्हापासून सीटखाली डांबराच्या गोळ्या बांधून ठेवतो. गाडीला आजीच्या ट्रंकेचा वास येतो.

शिरीष (ए-३०२): वर्षाचा खर्च किती? आकडा सांग.

मीनलताई: बघा, सगळं वाचतायत. मघापासून मला म्हणतायत, झोपलोय.

निखिल: काका, वहीत मांडून ठेवलाय. वर्षाला साधारण ८,००० किमी. शहरात २५-२६ चा अ‍ॅव्हरेज, म्हणजे पेट्रोल बत्तीस हजारांच्या आसपास. ते सोडून ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड, टायर, चेन, इन्शुरन्स असं सगळं सरासरी काढलं तर बावीस ते पंचवीस हजार. मागचं टायर जाड आहे, १५०/६०, आणि रबर मऊ. बारा हजार किमीत झिजलं. नवं बसवून घेतलं तेव्हा मला साडेसात हजार लागले.

शिरीष: म्हणजे पेट्रोल धरून महिना ४,७००.

निखिल: हो, तेवढेच.

शिरीष: ईएमआय न धरता.

इम्रानभाई: शिरीषभाई, विम्याचं मी सांगतो, तो माझा धंदा आहे. थर्ड पार्टीचा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा विमा) २०२२ चा दर: १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६. ३५० च्या वर गेलं की २,८०४. ही ३७३. तेवीस सीसीसाठी दुप्पट. नवी घेतली तर त्याच रेषेवर जीएसटीही उडी मारतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० पर्यंत १८ टक्के, वर ४०. म्हणून सेकंडहँडवाल्यांनीही भाव चढवलेत.

आणि सेकंडहँडमध्ये लोक हमखास चुकतात ते असं. गाडी नावावर झाली की १४ दिवसांत पॉलिसी पण नावावर करायची. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट) त्याच्याबरोबर जातो, आपल्याला मिळत नाही, फरक भरावा लागतो. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर ते उतरवायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. पैसे द्यायच्या आधी गाडीचा नंबर टाकून ई-चलन बघा. तरण्या पोराची गाडी आहे, असणारच.

*बुधवार, सकाळी*

ओंकार (ए-३०२): मी आहे ग्रुपवर 😐

सुलभाकाकू: अरे मग बोल की! आईला का पुढे करतोस?

ओंकार: काकू, मी बोललो की बाबा पेपर वर करतात. निखिलदादा, बघायला गेलो तर काय काय बघू?

निखिल: विकणाऱ्याला आधी सांगून ठेव की गाडी चालू करून ठेवू नकोस. थंड असतानाच स्टार्ट करून बघायची, पहिल्या दहा सेकंदांतले आवाज गरम झाल्यावर लपतात. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ३५१८ म्हणजे २०१८ चा ३५ वा आठवडा. तो काहीही सांगू दे, टायर खोटं बोलत नाही. पुढच्या फोर्कच्या (पुढच्या चाकाच्या शॉकअपच्या) चकचकीत नळ्यांवर तेलाचं वर्तुळ दिसतंय का बघ. असलं तर सील गेलेत. माझे माझ्याच हलगर्जीपणाने गेले होते, ताम्हिणीचा चिखल तसाच वाळू दिला होता. हँडल पूर्ण वळवून ते जिथे अडतं तो स्टॉपर चेपलेला आहे का, फूटरेस्ट आणि इंजिनचं कव्हर एकाच बाजूला घासलंय का बघ. असलं तर गाडी पडली आहे. ब्रेक ऑइलच्या डबीला खिडकी असते, आतलं ऑइल बिनदुधाच्या चहासारखं झालं असेल तर दोन वर्षांत बदललेलं नाही.

आणि चेन. सगळ्यात आधी खरं तर चेनच. मालक कसा आहे ते चेन सांगते.

तांबेकाका: शंभर टक्के. चेन मागच्या चाकाच्या पार मागच्या टोकाला चिमटीत धरून मागे ओढायची. स्प्रॉकेटचा (चेन बसते त्या दातेरी चक्राचा) दाता अर्धा उघडा पडला तर चेन ताणली गेली आहे. दाते माशाच्या परासारखे एका बाजूला कललेले असले तर पूर्ण किट (चेन आणि दोन्ही चक्रं) घालायचं, नुसती चेन नाही. पुढे १५ दाते मागे ४५ आहेत ना निखिल?

निखिल: बरोबर काका. तुम्हाला कसं माहीत?

तांबेकाका: तू नसतोस तेव्हा मोजले

शिरीष: चेनला किती वेळा बघावं लागतं?

निखिल: मी पाचशे किमीला. पावसात त्याच्याही आधी. अर्धा तास जातो. मला विचाराल तर गाडी घ्यायची का नाही हे दीड लाखावर ठरवू नका, त्या अर्ध्या तासावर ठरवा. ओंकार, रविवारी सकाळी आठला पी-२ ला ये. माझी चेन तू कर.

*रविवार, दुपारी*

तांबेकाका: ओंकारने चेन केली. मी स्टुलावर बसून होतो. सुरुवातीला तारेचा ब्रश घेऊन आला, परत पाठवला. या चेनच्या कड्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात, आत कंपनीचं ग्रीस कोंडलेलं असतं. तारेने रिंग फाटली की ग्रीस जातं, पेट्रोलनेही रिंगा खराब होतात. रॉकेल, मऊ ब्रश, फडकं. रॉकेल हल्ली मिळत नाही म्हणून निखिलने डब्यातलं क्लीनर आणलं होतं. चाक स्टँडवर उचलून हाताने फिरवायचं. तो म्हणाला काका गिअरमध्ये टाकून चालू करू का, आपोआप फिरेल. मी त्याला आमच्या खात्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं होती. मग हाताने फिरवली

निखिल: ढील पण त्यानेच काढली. आधी फार ताठ केली होती. काकांनी त्याला सीटवर बसवलं आणि मला खालून चेन चाचपायला सांगितलं. तारेसारखी ताठ. माणूस बसला की मागचं चाक धरणारा दांडा वर जातो आणि चेन अजून ताणते, मग बेअरिंगवर ताण. परत नट सैल, दोन्ही बाजूच्या खुणा सारख्या, परत आवळ. असं चार वेळा.

मीनलताई: टी-शर्टचं काय केलंय ते कोणी नाही सांगितलं. पांढरा होता.

ओंकार: बाबा वरून गॅलरीतून बघत होते.

शिरीष: पाण्याची टाकी बघत होतो.

पाटील सर: टाकी डी विंगवर आहे 😀

*पुढचा शनिवार, सकाळी साडेअकरा*

तांबेकाका: शिरीष सांगू का ग्रुपवर

शिरीष: नको.

तांबेकाका: तळेगावला जाऊन आलो. लोकलने गेलो. आधी इंजिनवर हात ठेवला, थंड होतं. म्हणजे माणूस बरा. स्टार्ट एका दमात. पडलेली नाही, स्टॉपर साफ. फोर्क कोरडे. मागचं टायर मागच्या वर्षी टाकलं म्हणाला, कोड निघाला ४२२०. शिरीषने चष्मा लावून त्याला वाचून दाखवला. स्प्रॉकेटचे दाते वाकडे. ब्रेक ऑइल निखिल म्हणाला तसं, चहा. ई-चलन तीन, इम्रानने काल रात्रीच काढून दिली होती

ओंकार: काय??? बाबा??

इम्रानभाई: मला गप्प राहायला सांगितलं होतं.

निखिल: 😂 काका, शेवटी किती?

शिरीष: १,५०,००० मधून दोन्ही टायर, चेन किट, ब्रेक ऑइल, चलन आणि विम्याचा फरक वजा केला. कागदावर लिहून दिलं. १,२४,००० म्हणालो. तो १,३२,००० वर आहे. संध्याकाळी फोन करतो म्हणालाय.

मीनलताई: अहो, तुम्ही मंडईत गेला होतात ना?

शिरीष: मेथी घेतली आहे. तळेगावला स्वस्त होती.