विमान अर्धं रिकामं, तरी आधीच्या फेरीत बसू देईनात! बरोबर आहे का?

बांधकरी, उदगीर
उदगीर-देगलूर पट्ट्यातल्या माणसाला विमानतळ म्हणजे हैदराबादचं शमशाबाद. मागच्या महिन्यात बेंगळुरूला बियाण्यांची डीलर मीटिंग होती. परतीचं तिकीट रात्री पावणेनऊचं, महिनाभर आधी काढलेलं, सगळ्यात स्वस्त फेअर, ३,१०० रुपये. मीटिंग जेवणाआधीच उरकली अन् मी दोन वाजता विमानतळावर. त्याच कंपनीचं ३:५०चं विमान होतं. काउंटरवर विचारलं, ताई, जागा आहे का? म्हणाली, भरपूर आहे. म्हटलं मग बसवा की. तर म्हणे बदलाचे ३,००० आणि भाड्यातला फरक २,४००. एकूण ५,४००! तिकीट ३,१००चं, अन् ते पाच तास आधी वापरायचे ५,४००?

नाही दिले. बसून राहिलो तिथंच, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगा मोजत. दहाला शमशाबादला उतरलो, इमलीबनच्या बसस्टँडला पोचेपर्यंत उदगीरची गाडी गेलेली. पहाटेपर्यंत बाकड्यावर, डासांच्या संगतीनं.

माझा हिशेब साधा आहे. ३:५०ची ती सीट रिकामीच उडाली. मी बसलो असतो तर त्यांचं काय जात होतं? उलट रात्रीची माझी सीट मोकळी होऊन ती विकता आली असती. मंडईत संध्याकाळी मेथीची जुडी उरली तर बाई दोन रुपयाला देऊन मोकळी होते, घरी नेऊन वाळवत बसत नाही. ह्यांना एवढंही कळंना का? ही लूट नाही तर काय, बोला.

तिकीटवाली, लातूर
दादा, राग मानू नका. माझं दुकानच तिकिटांचं आहे आणि हे भांडण मला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागतं. त्याच रात्रीच्या विमानाचं बदल करता येणारं तिकीट तेव्हा हजार-बाराशेनं जास्त दिसलं असेल. ते तुम्ही सोडलंत. सगळेच सोडतात, मीही सोडते. पण मग दुपारी काउंटरवर जाऊन तीच सोय फुकट मागायची, हे कुठलं? लग्नात साधं ताट सांगायचं आणि पंगतीत बसल्यावर बासुंदी का नाही म्हणून विचारायचं, तसं झालं.

गोदाकाठ, नांदेड
ताई, बासुंदीचा दर आधी सांगितला होता का? स्क्रीनवर 'बदल शुल्क लागू' एवढंच येतं. किती, ते तीन ठिकाणी बोट लावल्यावर कळतं. ५,४०० हा आकडा ह्यांना पहिल्यांदा काउंटरवर दिसला. माझं म्हणणं, बदलाला पैसे घ्या, पण मूळ तिकिटापेक्षा जास्त घ्यायला लाज वाटली पाहिजे. रद्द करण्याच्या शुल्काला डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, वरची मर्यादा घातलेली आहे: मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, त्यापेक्षा जास्त कापता येत नाही. बदलाला तसं बंधन का नको?

परभणीचा पोरगा (सध्या पुणे)
काका, मेथीच्या जुडीवरूनच सांगतो. संध्याकाळी दोन रुपयाला मिळते म्हणूनच आमची आजी दिवेलागणीला मंडईत जायची, सकाळी कधीच नाही. कंपनीला नेमकी हीच आजी नको आहे.

समजा नियम झाला की जागा असेल तर आधीच्या विमानात फुकट बसवायचं. मग मी कायम रात्रीचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढीन आणि दुपारीच विमानतळावर हजर होईन. आज मी, उद्या माझं अख्खं ऑफिस. दुपारची महाग तिकिटं मग घेणार कोण? आणि ती कोणी घेतलीच नाहीत तर तुमचं ३,१००चं तिकीट ३,१००ला राहील का? ती रिकामी सीट म्हणजे शेवटच्या तासात ५,५०० देऊन धावत येणाऱ्या माणसासाठी मांडलेली असते. तो आला नाही तर ती वाया जाते, हे त्यांनी धरलेलंच असतं.

हा खेळ जुना आहे. अमेरिकेत १९७८ साली भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठलं. मग पीपल एक्स्प्रेस नावाची स्वस्त कंपनी जोरात आली. तिला तोंड द्यायला अमेरिकन एअरलाइन्सनं १९८५ मध्ये 'अल्टिमेट सुपर सेव्हर' तिकिटं काढली. दर स्वस्त, पण खूप आधी घ्यायची आणि रद्द केलं तर दंड. घाईतला नोकरदार ह्या अटींत बसत नाही, म्हणून त्याच्याकडून जुनाच दर घेता येतो. दोन वर्षांत पीपल एक्स्प्रेस संपली. आपल्याकडचं 'सेव्हर', म्हणजे स्वस्त फेअरचं तिकीट, त्याच घराण्यातलं.

बांधकरी, उदगीर
म्हणजे माझी अडचण हाच त्यांचा माल. झकास.

जायकवाडी, छ. संभाजीनगर
तुमचं बरंय, तुम्हाला 'आधीचं विमान' तरी आहे. आमच्या चिकलठाणा विमानतळावरून अशा फेऱ्या आहेत की आधीचं विमान म्हणजे कधी कधी आदल्या दिवशीचं! आम्ही समृद्धीनं गाडी काढतो आणि गप बसतो.

गोदाकाठ, नांदेड
पोरा, अमेरिकेचंच सांगतोस तर पुरतं सांग. तिथल्या काही मोठ्या कंपन्या त्याच दिवशीच्या आधीच्या विमानासाठी प्रतीक्षायादीत नाव घालू देतात. जागा उरली तर बसा, नाही तर आपलं ठरलेलं विमान आहेच. त्यांचं दिवाळं निघालं का? दार बंद व्हायच्या अर्धा तास आधी कोणी ५,५०० घेऊन धावत येत नाही, काउंटर तर तासभर आधीच बंद झालेला असतो. त्या अर्ध्या तासात बांधकरींना पाचशे-हजार घेऊन बसवलं असतं तर कंपनीला तेवढेच सुटले असते.

परभणीचा पोरगा (सध्या पुणे)
पाचशे-हजार घेऊन, हे मान्य. फुकट नाही. आणि बॅग आधीच आत गेली असेल तर तेही नको. ती बॅग रात्रीच्या विमानाच्या ढिगातून शोधून काढायची म्हणजे दहा माणसांचा खोळंबा.

बिंदुसरा, बीड
माझा अनुभव वेगळा आहे. आईला तपासणीला मुंबईला नेलं होतं, परतताना तिला बसवत नव्हतं. काउंटरवरच्या मुलानं फाईल पाहिली, कोणाला तरी फोन केला आणि एक पैसा न घेता आम्हाला आधीच्या विमानात बसवलं. शिव्या देताना अशीही माणसं तिथं असतात हे विसरू नका.

गोदाकाठ, नांदेड
त्या मुलाचं भलं होवो. पण बघा, म्हणजे करता येतं! यंत्रात ती सोय आहे, फक्त ती समोरच्याच्या मर्जीवर आहे. तुम्हाला मिळाली, बांधकरींना नाही. उद्या फाईल नसलेल्या पण नीट इंग्रजी बोलणाऱ्या साहेबाला मिळेल. मला मर्जी नको, दर पाहिजे. भिंतीवर लिहून ठेवा.

बिंदुसरा, बीड
भिंतीवर लिहिला असता तर आईच्या वेळी त्या मुलाला तोच दर घ्यावा लागला असता. माझ्याकडं तेव्हा दवाखान्यातून उरलेले सातशे होते.

तिकीटवाली, लातूर
ह्याच्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

बांधकरी दादा, एक मात्र सांगते, पुढं कामाला येईल. त्याच ३:५०चं नवं तिकीट तेव्हा ५,५००च्या आसपास असणार, कारण फरक २,४०० सांगितला. आता जुनं तिकीट वेळेत रद्द करायचं. स्वस्त फेअरमध्ये भाडं जातं, पण कर आणि विमानतळाचं शुल्क परत द्यावंच लागतं, तुम्ही विमानाला गेलाच नाहीत तरीही. ते सहा-सातशे धरा. म्हणजे बदलायला ५,४००, आणि नवं घेऊन जुनं सोडायला ४,८५०च्या आसपास. बदलण्यापेक्षा फेकणं स्वस्त! काउंटरवर हे कोणी सांगत नाही. आम्ही सांगतो, म्हणून अजून दुकान चालतंय. वेब चेक-इन झालं असेल तर ते आधी मागं घ्या, आणि येण्याजाण्याचं एकच तिकीट असेल तर जाताना विमान सोडू नका, परतीचंही रद्द होतं.

बांधकरी, उदगीर
बदलण्यापेक्षा फेकणं स्वस्त! ह्याला धंदा म्हणायचं का? पोरगा म्हणतो ते पटलं, आजीचं तर शंभर टक्के. पण आकडा ऐकला की पुन्हा डोकं फिरतं.

ताई, पुढच्या महिन्यात बेंगळुरूलाच परत मीटिंग आहे. दुपारच्या विमानाचं काय दिसतंय?

तिकीटवाली, लातूर
दुपारचं ४,२००. रात्रीचं ३,३००.

बांधकरी, उदगीर
रात्रीचंच काढा. इमलीबनला ह्यावेळी चादर घेऊन जातो.