टाइप टू डायबेटिस: बोलायला कुणीतरी हवंय

प्रेषक: मंडळाची एक सभासद

नमस्कार मंडळी,

मला टाइप टू डायबेटिस आहे. घराबाहेर हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आज सगळ्यांना लिहितेय, कारण मला जे हवंय ते मागितल्याशिवाय मिळायचं नाही.

उपायांची यादी कृपया पाठवू नका, ती माझ्याकडे भरपूर आहे. डॉक्टरही चांगले आहेत. पण त्यांची भेट काही महिन्यांनी एकदा होते. त्यात रिपोर्ट, रक्तदाब, पाय बघणं आणि पुढची चिठ्ठी एवढं झालं की वेळ संपते. मधले सगळे दिवस मी एकटीच हिशेब मांडत बसते. रात्री सगळं पथ्य पाळूनही सकाळची फास्टिंग शुगर जास्त का? घरचे काळजीपोटी रोज विचारतात, "किती आली?" आता त्या प्रश्नाचाच धसका बसलाय. आकडा बरा आला तर मी शहाणी, वाढला तर मीच काहीतरी खाल्लं असणार. मध्यंतरी दुसरी गोळी सुरू झाली, तेव्हा तर परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं.

ज्याला हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागणार नाही, अशा माणसाशी बोलायचं आहे. आहे का कुणी?

लोभ असावा.

प्रेषक: मंडळाचे एक ज्येष्ठ सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

आहे. मी आहे. तुमच्यापेक्षा वयाने मोठा असेन, आणि या आजारातही जुना. आता इन्सुलिनवर आहे.

मला माझा सोबती योगायोगाने मिळाला. ओळख कामाच्या ठिकाणची, पण दोघांनाही डायबेटिस आहे हे कळायला बरीच वर्षं गेली, कारण दोघेही लपवत होतो. ते कळल्यापासून आमचा आठवड्याला एक फोन ठरलेला आहे. त्यात आकडे निघतात, पण शेवटी. आधी झोप कशी लागतेय, चालणं का बुडलं, गोळीने पोट बिघडतंय का, असलं बोलणं होतं. कधी दोन मिनिटांत संपतं, कधी तासभर चालतं.

इन्सुलिन घ्यायचं ठरलं तेव्हा मी महिनेच्या महिने टाळाटाळ करत होतो. पेनची सुई चारच मिलिमीटरची असते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, नर्सबाईंनी चित्र काढून दाखवलं होतं. डोक्यात शिरत होतं, मनात उतरत नव्हतं. एका संध्याकाळी या मित्राने माझ्यासमोर शर्ट वर केला आणि बोलता बोलता पोटात टोचून घेतलं. बोलणं अर्धवटसुद्धा तोडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी सुरुवात केली.

उलटही झालं. त्याच्या तळपायाला छोटी जखम झाली होती, दुखत नाही म्हणून तो दुर्लक्ष करत होता. मी म्हटलं, "दुखत नाही म्हणूनच आज जायचं." मज्जातंतूंवर परिणाम झाला की पायाची संवेदना कमी होते, हे मी तोवर शिकलो होतो. तो गेला आणि वेळेत उपचार झाले. त्या दिवशी त्याच्याइतकंच मलाही बळ आलं. आपल्याला जे सोसावं लागलं त्याचा कुणालातरी उपयोग होतो, ही भावना मला कुठल्या औषधाने दिलेली नाही.

जमेल तेव्हा फोन करा. काका म्हटलंत तरी चालेल.

प्रेषक: मंडळाची एक सभासद, व्यवसायाने डॉक्टर

ताई, काका, आणि न लिहिता वाचणारे सगळे,

आधी ताईंच्या मनातला सल. ब्रिटनमध्ये १९७७ पासून वीस वर्षं यूकेपीडीएस नावाचा अभ्यास चालला. टाइप टू डायबेटिसबद्दल आज आम्हाला जे कळतं, त्यातलं बरंचसं तिथून आलंय. त्यात दिसलं की एकाच औषधावर शुगर हव्या त्या पातळीत राहणाऱ्यांचं प्रमाण तीन वर्षांनी निम्म्यावर येतं आणि नऊ वर्षांनी साधारण चौथ्या हिश्श्यावर. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची ताकद हळूहळू कमी होत जाते म्हणून हे घडतं. दुसरी गोळी किंवा इन्सुलिन लागणं हा या आजाराचा नेहमीचा क्रम आहे, तुमची कसूर नव्हे. आम्ही डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

सकाळच्या शुगरचंही तसंच. पहाटे कॉर्टिसोल, ग्रोथ हॉर्मोन अशी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साखर रक्तात सोडतं. रात्रीच्या जेवणाचा त्यात हात असेलच असं नाही. आकडा वारंवार जास्त येत असेल तर नोंदी घेऊन तुमच्या डॉक्टरांना दाखवा.

तुम्ही ज्या थकव्याबद्दल लिहिलंय त्याला आमच्याकडे डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. तो मोजायला १९९५ पासून वीस प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. हा थकवा आणि नैराश्य एकच नाही. मात्र कशातच रस वाटेनासा झाला, झोप आणि भूक दोन्ही गेली, तर सोबत्याच्या फोनवर भागवू नका, डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आता काकांच्या फोनबद्दल. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांतला २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. शुगर आटोक्यात नसलेल्या २४४ पुरुषांपैकी निम्म्यांच्या जोड्या लावल्या आणि आठवड्यातून एकदा तरी एकमेकांशी फोनवर बोला असं सांगितलं. उरलेल्यांना नर्सची देखरेख दिली. सहा महिन्यांनी जोड्यांमधल्यांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांत शुगर साधारण किती राहिली ते टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी, सरासरी ८.०२ वरून ७.७३ वर आलं. नर्सच्या देखरेखीखालच्यांचं ७.९३ वरून ८.२२ वर गेलं. त्या जोड्यांमध्ये कुणी गुरू नव्हता आणि कुणी शिष्य नव्हता. दोघंही अडचणीत होते, दोघंही आधार देत होते. मला त्यातलं मर्म हेच वाटतं, आणि काकांनी तेच लिहिलंय.

सगळेच प्रयोग असे यशस्वी होत नाहीत, हेही सांगायला हवं. आयर्लंडमध्ये ३९५ जणांसाठी गटबैठका दोन वर्षं चालवल्या, पण २०११ मध्ये आलेल्या निष्कर्षांत लक्षणीय फरक दिसला नाही. तिथल्या लोकांची शुगर मुळात बऱ्यापैकी ताब्यात होती. म्हणून मी म्हणेन, भाषणांच्या सभा भरवण्यापेक्षा जोड्या लावा, आणि ज्यांना सगळ्यात जड जातंय त्यांच्यापासून सुरुवात करा.

दोन गोष्टी मात्र मी कडकपणे सांगणार. दुसऱ्याची गोळी किंवा डोस आपल्याला लागू करायचा नाही, आणि सोबत्याच्या सांगण्यावरून स्वतःची गोळी बंद करायची नाही. आणि आपल्या सोबत्याची शुगर ७० च्या खाली गेली तर काय करायचं हे प्रत्येकाला माहीत हवं. काही औषधांनी, विशेषतः इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांनी, ती तशी जाऊ शकते. माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, तरीही खाली असेल तर पुन्हा द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच रुग्णवाहिका बोलवायची.

प्रेषक: नाव न देता, संयोजकांमार्फत

मलाही आहे. तिशीतच निघाला. डॉक्टरताईंचं पत्र दोनदा वाचलं.

पण आपल्या मंडळात बातमी पसरायला वेळ लागत नाही. नोकरीच्या ठिकाणी कळावं असं मला वाटत नाही, आणि लग्नाचं बघताहेत तिथे तर नाहीच. कीव नको, "एवढ्या लहान वयात?" हेही नको. सोबती हवा असलेल्यांची यादी करून सगळ्यांना पाठवणार असाल तर माझं नाव धरू नका. दुसरी काही वाट असेल तर सांगा. बोलायला मलाही कुणी नाही.

प्रेषक: मंडळाची एक सभासद

काका, डॉक्टरताई, मनापासून आभार. आणि नाव न देणाऱ्या भावाला: तुझं पत्र वाचून मी यादीचा विचार तिथेच सोडला.

संयोजकांशी बोलून असं ठरलंय. ज्यांना सोबती हवा आहे त्यांनी या पत्राला उत्तर देऊ नये, फक्त डॉक्टरताईंना वेगळं लिहावं. नावं त्यांच्याजवळच राहतील. जोडी त्या लावतील. वय, इन्सुलिन आहे की गोळ्या, आणि बोलायला कोणती वेळ सोयीची, एवढंच त्या विचारतील. समोरच्याला तुमचं आडनाव सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. पहिल्या काही फोनांत जमत नाही असं वाटलं तर कारण न देता जोडी बदलून मिळेल, त्यात कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही.

तीन-चार जणांनी मला वेगळं विचारलंय की घरच्या जोडीदाराने, म्हणजे नवऱ्याने किंवा बायकोने, काय करावं. माझ्यापुरतं सांगते: "किती आली?" ऐवजी "चल, चालून येऊ" म्हणा आणि खरंच बरोबर या. जोडीदारांचीही आपापसांत बोलायची वेगळी सोय करावी असं मला वाटतं, कारण काळजी करणाऱ्यांनाही कुणी विचारत नाही. ते कुणी हाती घेणार असेल तर संयोजकांना कळवा.

काका, शनिवारी संध्याकाळी फोन करते. इन्सुलिनबद्दल विचारायचं आहे. अजून लागलेलं नाही, पण पुढेमागे लागलं तर आधीच ऐकलेलं बरं.

आपली,
सभासद ताई