मदत हवी आहे : पडवीचा सागवानी खांब तळाशी कुजला आहे, सांधावा की बदलावा?

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या जुन्या कौलारू घराच्या पडवीतला कोपऱ्याचा खांब तळाशी कुजला आहे. तो सहा इंच चौरस आणि साडेसात फूट उंच असून माथ्यावर कोरीव हस्त आहे. दोन्ही बाजूंच्या तुळया त्या हस्तावर टेकतात, त्यामुळे कोपऱ्यावरच्या कौलांचा बराचसा भार याच खांबावर येतो.

मूळ बांधणीत हा खांब जांभ्याच्या जोत्यावर, दगडी तळखड्यावर मोकळा उभा होता. पुढे पडवीला लाद्या बसवताना तळखडा सिमेंटखाली गेला आणि खांबाचा पाय चारही बाजूंनी बंदिस्त झाला. माझ्या मते खरे कारण हेच आहे. पावसाळ्यात झड आणि पागोळ्यांचे शिंतोडे फटीत उतरतात, लाकडाचे उभे तंतू ते पाणी वर ओढून घेतात आणि सिमेंटमुळे तिथला ओलावा सुकत नाही. वाळवीच्या मातीच्या नळ्या कुठेही दिसत नाहीत. उलट कुजलेला भाग तपकिरी पडून त्याचे चौकोनी तुकडे हातात येतात, म्हणजे ही बुरशीच असावी. पेचकस तळापासून सुमारे नऊ इंचांपर्यंत सहज आत शिरतो, त्यावर मात्र लाकूड ठणठणीत वाजते.

गवंड्याच्या मते खांब काढून सिमेंटचा उभारावा. वरचे सहा फूट लाकूड निकोप असताना ते मला अजिबात पटत नाही. इतका पक्का, गाभ्याचा साग आज विकत घेणेही सोपे नाही. सुतारकाकांचा सल्ला असा की तुळयांना टेकू देऊन कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापावा, जुन्या-नव्या तुकड्यांची टोके अर्धी-अर्धी तासून ती एकमेकांवर बसवावीत आणि आरपार बोल्ट घालून आवळावीत.

जाणकारांना विचारायचे आहे की सहा इंची खांबाला असा दीड फूट लांबीचा सांधा पुरेल का, आणि कोपऱ्यावर दोन दिशांनी भार येत असल्याने सांध्याचे तोंड कोणत्या बाजूला ठेवावे? त्याऐवजी खांब फूटभर उंचीवर आडवा कापून खाली काळ्या दगडाचा उंच तळखडा बसवला, तर सांध्याचीच गरज उरणार नाही आणि लाकूड लादीच्या ओलीपासूनही दूर राहील, असे मला वाटते. मात्र तसे केल्यास खांबाचा पाय सरकू नये म्हणून मधोमध स्टेनलेस स्टीलची सळई घालावी लागेल का? कापलेल्या टोकाला काजूच्या टरफलांचे तेल लावावे की बोरॅक्स-बोरिक आम्लाचे द्रावण आधी मुरवावे?

काम पाऊस संपल्यावर, लाकूड पुरते वाळले की करायचे आहे. टेकू लावण्यापूर्वी कोपऱ्यावरची कौले उतरवून भार कमी करणार आहे, पण दोन्ही तुळयांना प्रत्येकी एक लोखंडी जॅक पुरेल की दोन लावावेत, आणि लाद्या फुटू नयेत म्हणून जॅकखाली किती जाड फळी घालावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.