विली नेल्सन यांचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ (१९७५) मुद्दामच इतका मोकळा ठेवला होता का?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकन कंट्री गायक आणि गीतकार विली नेल्सन यांचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा अल्बम मी गेला महिनाभर ऐकतो आहे. कंट्री संगीताशी माझी ओळख साठच्या दशकातल्या नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणांतून झाली. त्यांत गायकाच्या मागे व्हायोलिनांचा ताफा आणि कोरस असतो, आणि दोन ओळींमधली जागा सहसा रिकामी ठेवलेली नसते. त्या सवयीच्या कानांनी हा अल्बम ऐकताना काहीतरी भरायचे राहून गेले आहे असे वाटत राहते. शीर्षकगीतात तर एक गिटार, एक आवाज आणि त्यांच्या मागे जेमतेम जाणवेल इतकीच साथ आहे.

हा मोकळेपणा ठरवून आणलेला आहे, की पैसे कमी पडल्यामुळे आला? कंपनीने हे कच्चे ध्वनिमुद्रण समजून नाकारायचे ठरवले होते, असे वाचनात आले. त्यात तथ्य किती? शिवाय यातली बरीच गाणी इतरांची आणि जुनी आहेत, तरी हा एका कथेचा अल्बम मानला जातो, हे कोडे मला उलगडलेले नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

प्रतिसाद १

आपल्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या दोहोंची उत्तरे त्यातच दडलेली आहेत.

शीर्षकगीत नेल्सन यांचे नाही. एडिथ लिंडमन आणि कार्ल स्टुट्झ यांनी ते पन्नासच्या दशकात लिहिले. नेल्सन त्या काळात टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या रेडिओवर निवेदक होते आणि मुलांसाठी ते ही तबकडी लावत असत. पुढे स्वतःच्या मुलांना झोपवतानाही ते हेच गाणे म्हणत. पुढे कोलंबिया रेकॉर्ड्सशी करार झाला, नवा अल्बम द्यायचा होता, आणि कोलोरॅडोहून टेक्सासला मोटारीने परतताना पत्नी कॉनी यांच्याशी बोलता बोलता त्यांना कल्पना सुचली की या गाण्यातल्या लाल केसांच्या परक्या स्वाराची आधीची आणि नंतरची हकिगत सांगावी. हा स्वार म्हणजे बायको ज्याला सोडून गेली आहे असा एक धर्मोपदेशक. तो तिला आणि तिच्या प्रियकराला ठार मारतो, मग काळ्या घोड्यावर बसून, तिचा तांबूस घोडा सोबत घेऊन भटकतो, आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूला डेन्व्हरमध्ये त्याला पुन्हा कोणाची तरी सोबत लाभते.

आता ही कथा सांगितली कशी ते पाहा. आपल्याकडचा कीर्तनकार आख्यान लावतो तेव्हा प्रत्येक पद स्वतः रचत नाही. प्रसंग येईल तसे तो पूर्वसुरींचे पद घेतो, आणि त्या जागी बसल्यावर त्याच पदाला निराळा अर्थ चढतो. नेल्सन यांनी हेच केले आहे. ‘टाइम ऑफ द प्रीचर’ हे त्यांचे स्वतःचे गीत धृपदासारखे पुन्हा पुन्हा येते आणि त्याच्या आधाराने फ्रेड रोझ, हँक कॉक्रन, स्कॉट वाइझमन, बिल कॅलरी यांची गाणी ओवली जातात. फ्रेड रोझ यांचे ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे १९४० च्या दशकात रॉय एकफ यांनी गायलेले साधे विरहगीत आहे. इथे मात्र ते बायकोच्या खुनानंतर लगेच येते, म्हणजे ज्याने तिला मारले तोच तिचे पावसातले डोळे आठवत आहे. गाणे अंगावर येते, ते त्याच्या जागेमुळे. पहिली बाजू संपते ती ‘जस्ट अॅज आय अॅम’ या चर्चमधल्या भजनाच्या केवळ सुरावटीने. तिथे पियानोवर बॉबी नेल्सन आहेत, विली यांची थोरली बहीण. आजी-आजोबांच्या घरी दोघे हेच संगीत ऐकत आणि वाजवत वाढले, आणि मला वाटते, ते शब्दांवाचून वाजवण्याचे धैर्य त्या वाढण्यातूनच आले आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी ध्वनिमुद्रणाबद्दल आणि कंपनीबद्दल लिहितो.

मोकळेपणा पैशांमुळे आलेला नाही. करारात नेल्सन यांनी कलाविषयक निर्णयांचा पूर्ण अधिकार स्वतःकडे ठेवला होता आणि खर्चाला रक्कमही हाताशी होती. तरीही ते नॅशव्हिलला किंवा न्यूयॉर्कला गेले नाहीत. डॅलसजवळच्या गारलंड गावी ऑटम साउंड नावाचा स्टुडिओ होता. तिथे १९७५ च्या जानेवारीत, ध्वनिमुद्रक फिल यॉर्क यांच्यासह, आपल्याच दौऱ्यावरचे वादक घेऊन त्यांनी काही दिवसांत काम उरकले. ड्रमवर पॉल इंग्लिश, बासवर बी स्पिअर्स, हार्मोनिकावर मिकी राफेल, गिटारवर जोडी पेन. खर्च सुमारे ४ हजार डॉलर झाल्याचे सांगितले जाते.

यामागे साठच्या दशकाचा अनुभव आहे. ‘क्रेझी’ हे पॅट्सी क्लाइन यांनी १९६१ मध्ये गाजवलेले गाणे नेल्सन यांचे, म्हणजे गीतकार म्हणून त्यांचे नाव झालेले होते. मात्र गायक म्हणून आरसीए कंपनीत त्यांच्या आवाजावर वाद्यांचे आणि कोरसचे थर चढवले गेले, आणि ते त्यांना मुळातच मानवणारे नव्हते. ते शब्द ठेक्याच्या थोडा मागे ठेवून गातात, कधी ओळ लांबवतात, कधी घाईने संपवतात. आपल्याकडची ठुमरी ऐकणाऱ्याला या लयीशी खेळण्याचे नवल वाटणार नाही, पण त्यासाठी भोवती मोकळी हवा लागते. वीस व्हायोलिने आधीच लिहिलेल्या मात्रांवर वाजत असतील तर गायकाने मागे रेंगाळावे कुठे? माझ्या मते हा अल्बम विरळ आहे तो याच गरजेतून.

गिटारकडेही जरा लक्ष द्या. ‘ट्रिगर’ नावाने ओळखली जाणारी ती मार्टिन कंपनीची एन-२० गिटार नायलॉनच्या तारांची आहे. अशी गिटार बोटांनी वाजवायची असते, म्हणून तिच्या अंगावर नखीचे ओरखडे झेलणारी पट्टी नसते. नेल्सन ती नखीने वाजवतात, त्यामुळे वर्षानुवर्षे घासून तिच्या लाकडाला चक्क भोक पडले आहे. ‘ब्लू आइज’मध्ये मध्यंतरी गिटार एकटी बोलते तेव्हा स्वर मोजके आहेत, आणि प्रत्येक स्वर सुटल्यावर तो विरेपर्यंत ते थांबतात. तेवढा भाग सावकाश ऐका.

कंपनीबद्दलची गोष्ट खरी आहे. कोलंबियाच्या अधिकाऱ्यांना हे कच्चे ध्वनिमुद्रण वाटले आणि नॅशव्हिलमध्ये त्यावर वाद्ये चढवावीत असे सुचवले गेले. त्या वेळी कंट्री गायक वेलन जेनिंग्ज यांनी नेल्सन यांची बाजू जोरात लावून धरली, असे या प्रसंगाच्या अनेक कथनांत येते. अखेर करारातल्या कलमामुळे अल्बम होता तसाच मे १९७५ मध्ये निघाला. ‘ब्लू आइज’ हे बिलबोर्डच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. गायक म्हणून नेल्सन यांचे ते पहिलेच, आणि तेव्हा त्यांचे वय ४२ होते. पॉप यादीतही ते २१ व्या क्रमांकापर्यंत चढले, त्या गाण्याला ग्रॅमी मिळाले, आणि अल्बम कंट्री अल्बमांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीतही त्याचा समावेश आहे.

प्रतिसाद ३

दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, तरी एक गोष्ट मनात सलते आणि ती इथे मांडणे मला आवश्यक वाटते. शीर्षकगीतात एक सोनेरी केसांची स्त्री त्या तांबूस घोड्याला हात लावते, एवढ्यावरून स्वार तिला गोळी घालतो, आणि घोडा चोरू पाहणाऱ्या बाईला मारले म्हणून कोणाला फाशी देता येत नाही, असे म्हणून गाणे पुढे सरकते. तीन खून केलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूला प्रेम आणि शांती मिळते. खुनाच्या कथागीतांची परंपरा ब्रिटिश बेटांतून अमेरिकेत आली आणि तीत असे निर्विकार कथन रूढ आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मेलेल्या तिघांपैकी कोणालाही या अल्बममध्ये स्वतःचा आवाज नाही, आणि स्तुती करताना समीक्षक हा मुद्दा बहुधा ओलांडून जातात. अल्बम मला प्रिय आहे, म्हणूनच हे लिहावेसे वाटले.

प्रतिसाद १ चे लेखक

आपली हरकत रास्त आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मात्र स्त्रीला आवाज देणे नेल्सन यांना सुचलेच नव्हते असे नाही. याआधीचा ‘फेजेस अँड स्टेजेस’ (१९७४) हा अलाबामातल्या मसल शोल्स इथे ध्वनिमुद्रित केलेला अल्बम एका मोडलेल्या लग्नाविषयी आहे. त्याची पहिली बाजू बायकोच्या नजरेतून आहे आणि दुसरी नवऱ्याच्या. तो अटलांटिक कंपनीने काढला होता, आणि त्याच वर्षी त्या कंपनीने आपला कंट्री विभाग बंद केला. आपण तो जरूर ऐकावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री पहिली बाजू क्रम न मोडता ऐकली. इतके दिवस मी गाणी सुटी सुटी ऐकत होतो, त्यामुळे ‘ब्लू आइज’ माझ्यासाठी केवळ एक गोड गाणे होते. खुनाच्या प्रसंगानंतर ते सुरू झाले तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवले. गिटारच्या त्या थांबण्याकडेही आता कान गेला, आणि तिथे आणखी एखादे वाद्य असावे असे काल वाटले नाही. प्रतिसाद ३ मधला मुद्दा मात्र मनातून जात नाही; शीर्षकगीत यापुढे मला पूर्वीसारखे ऐकता येणार नाही. आज ‘फेजेस अँड स्टेजेस’ची पहिली बाजू लावतो आहे.