काठमांडूत आता नकलीच उरलंय म्हणे!

वाटसरू_आजी: परवाच्या प्रवासवर्णनात एकाने ठोकून दिलंय की २०१५ च्या भूकंपानंतर काठमांडूत उभं आहे ते सगळं नवीन आणि नकली, सरळ पोखरा शहर गाठा. डोकंच फिरलं म्हणून वेगळा धागा. अहो, लाकूड-विटांची देवळं ती, पडतात, परत बांधतात, १९३४ च्या भूकंपानंतरही हेच झालं, मग तेव्हाचं अस्सल नि आत्ताचं नकली कसं? राणीपोखरी या काठमांडूतल्या जुन्या तळ्यात काँक्रीट ओतायला घेतलं तर लोकांनी भांडून काम थांबवलं, विटा-मातीनेच करून घेतलं. एवढं कोण करतं?

भटक्या७: मीच तो. धरहरा बघा, भूकंपात पडलेला जुना मनोरा, आता काँक्रीटचा टॉवर आणि खाली पार्किंग. हीपण परंपराच का? वर धूळ. चारी बाजूंनी डोंगर, हिवाळ्यात धूर वर जातच नाही, आठवडाभर खोकत होतो.

वाटसरू_आजी: घ्या, धरहरा तुम्हाला दिला. खोऱ्यातली जुनी शहरं, पाटण, भक्तपूर, पाहिलीत की ठमेलच्या टुरिस्ट बाजारात शॉपिंग करून परत?

पुणेरी_उंदीर: देवळं सोडा, पाण्याचं बोला. नोकरीसाठी राहिलोय तिथे. नळ कधी यायचा देव जाणे, घरमालक टँकर मागवायचा आणि आमच्याकडून दुप्पट उकळायचा. मेलम्ची नदीचं पाणी बोगद्यातून २०२१ च्या मार्चमध्ये एकदाचं आलं आणि जूनमध्ये पुराने बोगद्याच्या मुखाशीच सगळं गाडलं.

कौलारू: आणि तिथेच पाटणच्या मंगहिटी या पाणवठ्यावर लिच्छवी राजांच्या काळापासून, म्हणजे जवळजवळ दीड हजार वर्षं, दगडी धारेतून पाणी पडतंय, पंपाबिंपाशिवाय! वरची तळी, कालवे, जमिनीत मुरलेलं पाणी यावर चालायचं सगळं. तळी बुजवून घरं बांधली, पायासाठी खोल खणलं, कितीतरी धारा आटल्या.

पुणेरी_उंदीर: झालं सुरू पूर्वज-पुराण! खोऱ्यात माणसं किती वाढली ते बघा की. तिसऱ्या मजल्यावर धार चढते का?

सई_म: आणि त्या धारेवर रांगेत कोण उभं असतं? बायकाच. फोटो काढणाऱ्यांना फार सुंदर दिसतं ते.

कौलारू: मी कुठे म्हटलं नळ नको? धारा बुजवू नका म्हणतोय, त्या बुजल्या की टँकरवाल्यांचाच धंदा चालतो. वाचून तरी उत्तर द्या.

पुणेरी_उंदीर: वाचलं. आटलेल्या धारेखाली बादली लावून बसतो आता.

भटक्या७: ठीक, पुढच्या वेळी पाटणला जाईन, मास्क लावून. आणि पाणीवाल्यांनी आपला वेगळा धागा काढावा.